पावसाळ्यात कापडी डायपर: गळतात, वास मारतात, वाळत नाहीत. माझं काय चुकतंय?

सुरंगी | ४ जुलै

नमस्कार सगळ्यांना. लेक साडेतीन महिन्यांची आहे. आम्ही मालवण तालुक्यात खाडीच्या बाजूला राहतो. बाळंतपण माहेरी झालं, तेव्हा लंगोट दुपटी सगळं आईच बघायची, ऊनही कडक होतं त्यामुळे मला यातलं काही कळलंच नाही. मेच्या शेवटी सासरी आले आणि येतानाच कापडी डायपर मागवले. १२ पॉकेटवाले, म्हणजे बाहेरून वॉटरप्रूफ कव्हर, आत खिसा आणि त्यात पॅड सरकवायचं, सोबत १२ बांबूची पॅडं आणि ६ मायक्रोफायबरची.

विकतचे वापरून फेकायचे डायपर मला नकोच आहेत. आमच्या वाडीत घंटागाडी येत नाही. ओला डायपर जळत नाही, नुसता धुमसतो, पुरला तर कुत्री उकरून काढतात. मागच्या वर्षी व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आलं तेव्हा कोणाचे तरी फुगून उशीएवढे झालेले डायपर आमच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या शेतात, येऊन अडकले होते आणि लावणी करताना ते सासूबाईंच्या हाताला लागले. मी तेव्हा पाच सहा आठवड्यांची गरोदर असेन, तेव्हाच ठरवलं की आपल्या घरातून हे व्हाळात जाणार नाही.

पण आता पार थकलेय. एका तासात गळतं, आणि काढून बघावं तर पॅड अर्धं कोरडंच असतं. सकाळी रात्रीचा डायपर काढला की डोळ्यांना झोंबेल असा वास. पॅडं तीन तीन दिवस वाळत नाहीत, हाताला गार लागतात आणि नाकाजवळ नेली की कुबट येतात. मी धुते ते असं: झाकणाच्या बादलीत दिवसभर जमा करते, मग वासाची पावडर, थोडं जंतुनाशक, आणि शेवटच्या पाण्यात कपडे मऊ व्हायचं लिक्विड. कोणी सांगेल का नक्की काय करायचं? सासूबाई काही बोलत नाहीत पण रोज माझ्याकडे बघतात.

कडुलिंब | ४ जुलै

ताई, एवढं टेन्शन घेऊ नका, कडक ऊन दाखवा, वास पण जाईल आणि डाग पण जातील. आमच्याकडे पुण्यात दोन तासात खडखडीत वाळतात.

जांभा | ४ जुलै

कडुलिंब, तुमचं बरोबर आहे, उन्हासारखं औषध नाही. पण पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि आमच्याकडे किनाऱ्यावर तो अडीच तीन हजारांच्या घरात जातो, तोही चार महिन्यांत. आषाढात झड लागली की आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्यात समुद्राचा खारा वारा, मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं त्यामुळे इथे वाळलेला कपडापण सकाळी परत दमट लागतो. तेव्हा ऊन नसताना काय करायचं तेच सांगायला हवं. मीही वाचतोय, आमच्या घरी सप्टेंबरात बाळ येणार आहे.

अबोली_गुहागर | ४ जुलै

सुरंगी, दोन मुलं कापडीवर वाढवलीत, त्यामुळे सांगते. आधी एक प्रश्न. बांबूची पॅडं आल्यावर वापरायच्या आधी कितीदा धुतलीस? माझा अंदाज आहे एकदाच.

कापूस काय नि बांबू काय, नव्या पॅडाच्या धाग्याला तेलकटपणा असतो, आणि तो जाईपर्यंत ते पाणी पीत नाही. पाच सहा धुण्यानंतर ते खरं शोषायला लागतं. दर वेळी वाळवायची गरज नाही, रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेव, सकाळी थोडी पावडर घालून गरम पाण्यात धू, परत तेच. फक्त सुती असेल आणि कव्हरला शिवलेलं नसेल तर चक्क उकळ. मायक्रोफायबरला एक धुणं पुरतं, तो प्लास्टिकचाच धागा, पण तो बाळाच्या अंगाला थेट लावायचा नाही, कातडी कोरडी पाडतो, खिशाच्या आतच ठेवायचा. आणि तो पटकन पितो पण दाबलं की सोडतो, म्हणून बाळ मांडीवर बसलं की तुझा गाऊन ओला. मायक्रोफायबर वरती आणि बांबू खाली अशी जोडी लाव.

दुसरं म्हणजे ते मऊ करायचं लिक्विड आजच्या आज बंद कर. ते धाग्यावर थर चढवतं, कपडा मऊ लागतो तो त्या थरामुळेच, आणि त्याच थरावरून लघवी घरंगळते. परीक्षा सोपी आहे, वाळलेल्या पॅडवर चमचाभर पाणी टाक. लगेच आत गेलं तर पॅड तयार.

सुरंगी | ५ जुलै

अबोलीताई, आत्ता केलं. पॅड ताटात ठेवलं आणि पाणी टाकलं तर थेंब तस्सा बसून राहिला, अळवाच्या पानावर बसतो तसा. पॅड तिरकं केलं तर सगळं पाणी घरंगळून ताटात. बोटाने दाबून धरलं तेव्हा कुठे मुरायला लागलं. हे असलं पॅड मी महिनाभर लेकीला लावतेय. बारापैकी दोनच पॅडं धड निघाली. रडूच आलं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी काही न बोलता बंब पेटवला.

खाडीकाठ | ५ जुलै

मी दाभोळ खाडीजवळचा, बाबा आहे, आमच्या घरी डायपर धुण्याचं खातं माझ्याकडे. सुरंगीताई, तुमची विहीर खाडीपासून किती लांब आहे? कातळावरच्या विहिरींचं पाणी बहुतेक ठिकाणी मऊ असतं, साबणाला भरपूर फेस येतो. पण खाडीलगतच्या विहिरीत उन्हाळ्यात खारट अंश उतरतो, तेव्हा वडीचा साबण फुटतो आणि पाण्यावर राखाडी साय धरते. तीच साय पॅडात बसते. आमच्या पॅडांचं तेच झालं होतं. अशा पाण्यात साबणाची वडी वापरायचीच नाही, पावडर वापरायची.

अमोनियाचं सांगतो. ताज्या लघवीला एवढा वास नसतो. लघवीत युरिया असतो, त्याचा जंतू अमोनिया करतात, आणि त्यांना वेळ आणि ऊब मिळाली की जास्तच. तुमची झाकणाची बादली म्हणजे त्यांना आयती उबवणी. ओला डायपर काढला की लगेच साध्या पाण्यातून खळबळून काढायचा, पिळायचा आणि उघड्या जाळीच्या टोपलीत टाकायचा. रात्रीचा तर सकाळी उठल्या उठल्या. पावसाळ्यात धुणं रोजच्या रोज, दोन दिवस साठवायचं नाही.

आत साठलेला साबण काढायला गरम पाण्यात नुसती पॅडं घालून चोळा, पावडर अजिबात नको. तुम्ही बघाच, पावडर न घालता फेस येईल. फेस यायचा बंद होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. मला सहा पाणी लागली होती.

आणि मशीनमध्ये टाकत असाल तर आधी एक नुसत्या पाण्याचा फेरा, मग पावडरचा लांब फेरा, मग जास्तीचं खळबळणं. पुढून दार असलेल्या मशीनला पाणी कमी लागतं म्हणून त्यात हे जास्तीचं पाणी विसरायचं नाही.

सुरंगी | ५ जुलै

दादा, विहीर खाडीपासून शंभर पावलांवर असेल, मेमध्ये चहा खारट लागतो आमचा! आत्ता पावसाने गोडी आलीय पण पाणी तांबडं गढूळ आहे.

खाडीकाठ | ५ जुलै

गढूळ पाणी पिंपात भरून तुरटी फिरवा, रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी वापरा. नाहीतर पांढऱ्या पॅडांवर तांबूस छटा चढते. ती लोहाची असते, तिच्यावर ब्लीच घातलं तर डाग आणखी पक्का होतो. लिंबू मीठ लावून उन्हात टाकलं की फिकट होतं, फक्त पॅडांवर करा, कव्हरवर नको.

सिस्टर_चिपळूण | ६ जुलै

मी बालरुग्ण विभागात स्टाफ नर्स आहे. वरचं सगळं वाचलं, छान माहिती आहे, ब्लीचचं नाव आलंय म्हणून घाईने लिहितेय. लघवीने भरलेल्या डायपरवर ब्लीच ओतू नका. त्यातल्या अमोनियाशी मिळून विषारी वायू निघतो, बंद न्हाणीघरात घसा आणि छाती धरते. ब्लीच आणि व्हिनेगर हे तर एकत्र कधीच नाही. रोजच्या धुण्याला जंतुनाशक लिक्विडचीही गरज नाही, त्याचा अंश कापडात राहतो आणि बाळाच्या कातडीला चरचरतं.

सुरंगी, बाळाला पुरळ आहे का? लघवीने होणारी लाली फुगीर भागावर असते, जांघेच्या घड्या वाचतात. घड्यांच्या आत लालभडक झालं असेल आणि कडेला बारीक बारीक लाल ठिपके पसरले असतील तर ती बुरशी असू शकते, दमट पॅडं वापरली की पावसाळ्यात हे खूप बघते मी. तसं असेल तर घरगुती काही लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तोवर डायपर दर दोन तासांनी बदला आणि दिवसातून थोडा वेळ बाळाला नुसतं दुपट्यावर उघडं ठेवा. झिंकचं क्रीम लावायला सांगितलं तर पॅडवर पातळ फडक्याची पट्टी टाका, ते क्रीम कापडाला चिकटून बसतं.

सुरंगी | ६ जुलै

घड्यांत आहे लाल. ठिपके पण आहेत. उद्याच दाखवते. मी आपली नारळाचं तेल लावत होते.

गोदामावशी | ७ जुलै

मला नातीने हे टायपून दिलंय. मी वेंगुर्ल्याची, वय ७१, चार मुलं वाढवली. आमच्या वेळी बाळोती म्हणायचे. जुनं मऊ लुगडं नाहीतर धोतर फाडायचं, चौकोन करायचे, झालं. पावसात दांडी बांधायची ती चुलीच्या वर, माजघरात. आणि निखाऱ्याच्या शेगडीवर बांबूची मोठी टोपली पालथी घालून तिच्यावर बाळोती पसरायची, निखाऱ्यावर चिमूटभर ओवा, वावडिंग. मिनिटात गरम आणि सुवासिक. तुमच्या त्या जाड जाड पॅडांना कुठून वाळणार बाई, त्याचा पदर उलगडतच नाही. आमचं बाळोतं उलगडलं की एक पदर, पंख्याच्या वाऱ्यानेही वाळतं.

ट्रंकेत जुनी लुगडी असतील तुझ्या सासूच्या, विचार तिला.

सिस्टर_चिपळूण | ७ जुलै

मावशी, उलगडण्याचं अगदी खरं. त्यातच दोन गोष्टी जोडते, राग मानू नका.

शेगडी बाळाच्या खोलीत नको. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वासही नसतो, आणि पावसात आपण दारं खिडक्या लावून बसतो. पडवीत, उघड्यावर, आणि कोणीतरी जवळ उभं राहून. आणि तिच्यावर फक्त सुती कापड, कव्हर अजिबात नाही.

दुसरं ट्रंकेबद्दल, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. ट्रंकेत डांबरगोळ्या असतात. त्यातलं नॅफ्थलीन कपड्यात मुरतं. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या वासानेही फुटू शकतात, मग जोरदार कावीळ आणि रक्त कमी होणं. आपल्या बाळात ते कमी आहे का हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीत नसतं. म्हणून डांबरगोळीत ठेवलेलं कापड किंवा दुपटं थेट बाळाला लावायचं नाही. गरम पाण्यात धुवा, बरेच दिवस वाऱ्यावर ठेवा, आणि तरी वास राहिला तर ते बाळासाठी वापरूच नका.

गोदामावशी | ७ जुलै

हे मला माहीत नव्हतं. आमच्या ट्रंकेतल्या गोळ्या आजच काढते. कडुलिंबाचा पाला घालते.

अबोली_गुहागर | ८ जुलै

मावशींनी मूळच सांगितलं. सुरंगी, कव्हर तुझी नवीच राहू देत, आत फक्त बाळोतं घाल. पॉकेट डायपरच्या खिशात घडी करून सरकवता येतं, नाहीतर सरळ वर ठेवायचं. मी दुसऱ्याच्या वेळी हेच केलं. गळणं थांबवायला कव्हर पुरतं, वाळायला एकपदरी कापड पुरतं. कव्हर उकळायचं नाही, इस्त्री नाही, कडक उन्हात नाही. आतला पॉलियुरेथेनचा थर सुटतो आणि इलॅस्टिक ढिलं पडतं. सावलीत वाऱ्यावर वाळतं ते.

जांभा | ८ जुलै

एक शंका. कापड सुती आहे हे ओळखायचं कसं? आमच्याकडे जुन्या साड्या खूप आहेत पण कोणती कसली कळत नाही.

अबोली_गुहागर | ८ जुलै

कडेचा एक धागा काढून जाळ. सुती धागा कागदासारखा जळतो, वास कागदाचाच आणि राख बोटात भुगा होते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला कडक मणी होतो. तो मणी दिसला तर ती साडी बाळोत्याची नाही.

भिरभिरं | १० जुलै

मला शी बद्दल विचारायचंय, इथे कोणी लिहिलंच नाही. माझं बाळ सात महिन्यांचं, नाचणीची पेज सुरू केलीय आणि आता डाग जातच नाहीत.

खाडीकाठ | १० जुलै

नुसत्या अंगावरच्या दुधाची शी पाण्यात विरघळते, धुऊन जाते. वरचं अन्न सुरू झालं की घट्ट होते, ती आधी संडासात टाकायची आणि मगच डायपर धुवायचा. गार पाण्याने खरवडायचा, गरम पाण्याने डाग बसतो. आतल्या बाजूला पातळ मलमलीची पट्टी टाकली तर बरंचसं तिच्यासकट उचललं जातं. आणि हात जोडून सांगतो, हे पहिलं पाणी विहिरीच्या काठावर किंवा व्हाळात सोडू नका. कातळातून पाणी भराभर झिरपतं, तेच परत विहिरीत येतं. न्हाणीघरात धुवा आणि ते पाणी शोषखड्ड्यात जाऊ द्या.

डाग राहिला तर राहू दे. उघडीप मिळाली की ओलं पॅड उन्हात टाका, पिवळा डाग आपोआप उडतो. सप्टेंबरात माझे सगळे पांढरे झाले होते.

सुरंगी | २ ऑगस्ट

उशिरा लिहितेय. मध्ये चार दिवस लाईट नव्हती, मशीन बंद, फोन बंद.

बुरशीच निघाली. डॉक्टरांनी मलम दिलं, आठ दिवसांत कातडी स्वच्छ झाली. पॅडांमधून गरम पाण्यात एवढा फेस निघाला की मी आणि नवरा बघतच राहिलो, नऊ पाणी बदलली. सासूबाई मोरीच्या कडेला बसून म्हणाल्या, "पाणी निवळ येयसर खळबळूक व्हया, मगेच पिळ." तेवढं एकच वाक्य त्या महिनाभर पोटात ठेवून होत्या, मी काय नवीन मागवलंय त्यात आपण बोलू नये म्हणून. मी त्यांना म्हटलं आई, मला आधी का नाही सांगितलंत. तर काही बोलल्या नाहीत, आत गेल्या आणि आपली दोन जुनी नऊवारी लुगडी घेऊन आल्या. ट्रंकेतली नाहीत, रोज नेसायच्या फळीवरची. डांबरगोळीचा प्रश्नच नाही. एक तर त्यांनी माझ्या नवऱ्याच्या बारशाला नेसलेलं. मी म्हटलं हे नको फाडूया. तर म्हणाल्या "फाड".

आता सगळं त्यावरच चाललंय. लाईट नव्हती त्या चार दिवसांतसुद्धा हाताने धुतलं आणि पडवीत दांडीवर एकेरी पसरलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळलं. थोडा दमटपणा राहतो त्याला कोळशाची इस्त्री फिरवते, वाफ निघायची थांबली की समजायचं कोरडं. लाईट असेल तेव्हा शेजारच्यांच्या सेमी ऑटोमॅटिकच्या स्पिनरमध्ये दोनदा पिळून आणते, निम्मं काम तिथेच होतं. बांबूची पॅडं आता पाणी पितात, ती फक्त रात्रीला ठेवलीत. मायक्रोफायबरची बांधून ठेवली.

वास गेला. सकाळी डायपर काढताना आता मी नाक दुसरीकडे वळवत नाही, लेकीशी बोलत बोलत काढते.

भिरभिरं | २ ऑगस्ट

किती छान वाटलं वाचून. मापं सांगशील का? किती तुकडे निघाले आणि घडी कशी घालतेस?

सुरंगी | ३ ऑगस्ट

काठ काढले तर पन्हा ४२ इंच राहिला, मधून दोन भाग केले, म्हणजे २१ इंचाचा चौकोन. विरलेला भाग आणि पदर बाजूला काढून एका लुगड्यातून २० निघाले, दोन्हींचे मिळून ४०. कडा दुमडून शिवल्या नाहीत, जाड शिवण वाळत नाही आणि मांडीला रुतते. नुसती झिगझॅग टीप मारून घेतली गावातल्या शिंप्याकडून.

दिवसा दोन चौकोन एकावर एक ठेवायचे, उभे तीन भाग करून दुमडायचे, सात इंचाची लांब पट्टी होते. मग तिचा एक तिसरा भाग आत उलटवायचा. मुलगी असेल तर ती जाड घडी मधोमध येईल अशी, मुलगा असेल तर पुढे. रात्री तीन चौकोन आणि खाली एक बांबूचं पॅड, पाच तास निघतात. दिवसाला दहा बारा वेळा बदलते, म्हणजे २० ते २४ चौकोन, उरलेले दांडीवर. एवढ्यात भागतं.

काढलेले काठ सासूबाईंनी ठेवलेत, त्यांची कुंचीला पट्टी लावणार म्हणतायत. चतुर्थीला लेकीला ती घालायची आहे.

जांभा | ३ ऑगस्ट

ताई, हे मी वहीत उतरवून घेतलं. आईच्या साड्यांचे धागे जाळून बघितले, चार सुती निघाल्या. उद्या कापायला घेतो.